सापाची भूक आणि माणसाची माया

पश्चिम रेल्वेनें मुंबईहून डहाणूकडे जातांना बोईसर मागें पडतें आणि डहाणू रोडच्या आधीं वाणगांव हें स्टेशन लागतें. गाडीच्या खिडकींतून बाहेर पाहणाऱ्यास पावसाळ्यांत भाताचीं खाचरें दिसतात आणि पाऊस सरल्यावर मिरचीचे मळे दिसतात. या खाचरांच्या बांधांवर, गवतांत आणि पाणथळ जागीं एक लहानसा निरुपद्रवी साप राहतो. त्याला नानेटी म्हणतात. लांबी हातभर, अंगाचा रंग तपकिरी, आणि पाठीवरून शेपटीपर्यंत गेलेल्या दोन पिवळसर रेघा, एवढ्या खुणांवरून ती ओळखतां येते. विषारी मण्याराच्या अंगावर आडवे पट्टे असतात, नानेटीच्या अंगावर उभ्या रेघा असतात. हा एवढा भेद ध्यानांत ठेवला तरी पुष्कळ नानेट्यांचे प्राण वाचतील.

या नानेटीची एक दूरची बहीण उत्तर अमेरिकेंत आहे. तिला तेथें गार्टर साप म्हणतात. गार्टर म्हणजे मोजा घसरूं नये म्हणून पायाला बांधावयाचा पट्टा. या सापाच्या अंगावरही तशाच उभ्या रेघा असतात, म्हणून हें नांव पडलें. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५८ सालीं प्रसिद्ध केलेल्या एकाच ग्रंथांत या दोघींनाही शास्त्रीय नांवें दिलीं. नानेटीचें नांव ठेवतांना त्यानें रोमन स्त्रियांच्या पायघोळ वस्त्राचा, म्हणजे स्टोलाचा आधार घेतला. दोघींचें कुळ एक, दोघींनाही पाण्याजवळची जागा आवडते आणि दोघीही दिवसा हिंडून बेडूक व मासे पकडतात. मुख्य फरक इतकाच कीं नानेटी अंडीं घालते आणि गार्टर जिवंत पिलांना जन्म देते.

आपल्याकडे नानेटी पाळतां येत नाहीं, आणि येऊंही नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें रानांतला साप पकडून घरीं ठेवणें हा गुन्हा आहे. अमेरिकेंत आणि कॅनडांत मात्र गार्टर साप काचेच्या पेटींत पाळण्याचा छंद पुष्कळ घरांत आहे. पेटींत जन्मलेलीं पिलें तेथें विकतही मिळतात. त्या देशांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांनाही शाळेंत किंवा शेजारीं या छंदाची ओळख व्हावी हें स्वाभाविक आहे. अशा घरांतून एक तक्रार नेहमीं ऐकूं येते कीं, साप लठ्ठ झाला आहे, त्याला खाऊं काय घालावें आणि व्यायाम कसा द्यावा? ही तक्रार ऐकून प्रथम हंसूं येतें. साप आणि लठ्ठ? परंतु थोडा विचार केला म्हणजे यांत हंसण्यासारखें फारसें उरत नाहीं. लठ्ठपणानें पेटींतला साप अकालीं मरतो, आणि त्याला मारणारा हात बहुधा मायेचाच असतो.

सापाचा लठ्ठपणा ओळखावा कसा? त्याला कंबर नाहीं कीं दोंद नाहीं. परंतु जाणत्याला खुणा दिसतात. निरोगी सापाची शेपटी अंगापासून हळूहळू निमुळती होत जाते. लठ्ठ सापाचें अंग शेपटीच्या मुळाशीं एकदम थांबल्यासारखें दिसतें, जणूं जाड दोराला बारीक सुतळी जोडावी. अंगाच्या मागल्या अर्ध्या भागांत फुगवटे येतात. साप वळला म्हणजे बाजूला वळ्या पडतात. खवल्यांच्या मधली कातडी ताणून एरव्हींही दिसूं लागते. अर्थात नुकतेंच भक्ष्य गिळलें असेल, किंवा मादी गाभण असेल, तर अंग फुगतेंच. म्हणून पोट रिकामें असतांना पाहावें आणि मगच निर्णय करावा. चरबी बाहेरून दिसते त्याहून आंत अधिक असते. सापाच्या पोटांत चरबीच्या लांबट गाद्या असतात, त्या वाढत जातात, आणि पुढें यकृतांतही चरबी सांठून तें कामांतून जातें.

याचें कारण समजण्यासाठीं सापाच्या शरीराचा हिशेब माणसाच्या शरीराहून किती निराळा आहे हें पाहिलें पाहिजे. माणूस जें अन्न खातो त्यांतील मोठा वांटा केवळ अंग गरम ठेवण्यांत खर्च होतो. सापाला हा खर्च नाहीं. तो ऊब उन्हापासून घेतो. त्यामुळें तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला लागणाऱ्या अन्नाच्या सुमारें एक-दशांश अन्नावर त्याचें सहज भागतें. घरांतील माणसें दिवसांतून दोनदां जेवतात, मधून चहा-फराळ करतात, आणि पेटींतला प्राणी आठ दिवस उपाशी आहे असें पाहून त्यांचा जीव कळवळतो. परंतु ते आठ दिवस सापाच्या लेखीं फार नसतात.

रानांत काय घडतें तें पाहावें. वाणगांवच्या बांधावरील नानेटी पहिल्या पावसाबरोबर दिसूं लागते. बेडकांची रेलचेल असते, तेव्हां ती पोटभर खाते. परंतु एकेका बेडकासाठीं तिला गवतांतून वाट काढावी लागते, पाण्यांत उतरावें लागतें, पुष्कळदां रिकाम्या तोंडीं परतावें लागतें, आणि त्याच वेळीं बगळ्यापासून व मुंगसापासून स्वतःचा जीवही वांचवावा लागतो. मग चैत्र-वैशाखाचा उन्हाळा येतो, जमीन तापते आणि ती बिळांत, भेगांत निपचित पडून राहते. त्या काळांत खाणें जवळजवळ बंदच. तिकडे कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतांत नार्सिस नांवाच्या ठिकाणीं हजारों गार्टर साप हिवाळ्यांत चुनखडीच्या भेगांत एकत्र शिरतात, वर्षांतले सात-आठ महिने अन्नावांचून जमिनीखालीं काढतात आणि वसंतांत पुन्हां बाहेर येतात. म्हणजे मिळेल तेव्हां खाऊन चरबी सांठवणें आणि न मिळेल तेव्हां ती खर्च करणें, हा या कुळाचा धर्मच आहे. पेटींत सांठवण चालूच राहते आणि खर्चाची वेळ कधींच येत नाहीं. ऊब विजेच्या दिव्याची, भक्ष्य तोंडाशीं, शत्रू कोणी नाहीं आणि फिरावयास चार वीत जागा. दोष सापाच्या भुकेचा नाहीं. समोर आलेलें भक्ष्य सोडूं नये हेंच निसर्गानें त्याला शिकविलें आहे.

येथें आपल्या घरच्या एका चालीची आठवण होते. नागपंचमीस नागाला दूध पाजावयाची पद्धत आपल्याकडे होती आणि कोठें कोठें अजूनही आहे. धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, ही समजूतही खेड्यापाड्यांतून ऐकूं येते. वस्तुतः दूध हें सापाचें अन्नच नव्हे. तें त्याला पचत नाहीं. गारुडी सणाच्या आधीं कित्येक दिवस सापाला अन्नपाण्यावांचून ठेवी, आणि तहानेनें व्याकुळ झालेला तो प्राणी समोर येईल तें पीत असे. लोकांस वाटे, नागानें नैवेद्य स्वीकारला. एकीकडे श्रद्धेनें दिलेलें दूध, दुसरीकडे कौतुकानें दिलेला रोजचा मासा. दोन्ही ठिकाणीं चूक एकच, कीं आपल्या पोटावरून दुसऱ्याच्या पोटाची पारख केली.

आतां उपाय. पहिला उपाय खाण्याच्या वारांचा. वाढत्या पिलाला आठवड्यांतून दोनदां खाणें लागतें. पूर्ण वाढ झालेल्या गार्टरला सात ते दहा दिवसांतून एकदां पुरे होतें. घांसाची जाडी सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाहून अधिक नसावी. लठ्ठ झालेल्या सापाचें खाणें एकदम मात्र तोडूं नये. सांठलेली चरबी एकदम सुटूं लागली तर तीच यकृतावर येऊन पडते आणि बारीक होण्याऐवजीं प्राणी आजारी पडतो. आधीं चार दिवसांनीं देत असल्यास सहा दिवसांनीं द्यावें, कांहीं आठवड्यांनीं आठ दिवसांनीं, मग दहा दिवसांनीं. वजन महिन्यांतून एकदां, खाण्याच्या आधीं, स्वयंपाकघरांतील हलक्या वजनाच्या परंतु सापासाठींच निराळ्या ठेवलेल्या काट्यावर करावें आणि वहींत लिहावें. उतार हळूहळू, कित्येक महिन्यांत दिसला पाहिजे. लठ्ठ सापाला मुद्दाम थंडींत ठेवून हिवाळ्याची झोंप घडवावी, असा कोणी सल्ला दिल्यास तो मानूं नये. ती झोंप निरोगी सापालाच सोसते.

दुसरा उपाय अन्नाच्या निवडीचा. उंदराच्या मांसांत चरबी अधिक असते. गांडुळांत आणि बहुतेक लहान माशांत ती कमी असते. म्हणून लठ्ठ गार्टरला उंदीर क्वचित् आणि गांडुळें व मासे अधिक द्यावे. परंतु माशांतही भेद आहे. शोभेच्या सोनेरी माशांत असा एक पदार्थ असतो कीं तो ‘ब’ वर्गांतील पहिलें जीवनसत्त्व, थायमिन, नष्ट करतो. केवळ असेच मासे खाणाऱ्या सापाला पुढें झटके येतात, तोल जातो, आणि वेळीं उपाय न झाल्यास तो मरतो. डांसांच्या अळ्या खाण्यासाठीं आपल्याकडे विहिरींत आणि हौदांत जे गप्पी मासे सोडतात, त्यांत हा दोष नाहीं. गांडुळेंही खत-औषधें न मारलेल्या स्वच्छ मातींतलीं असावीं.

तिसरा उपाय व्यायामाचा. सापाला तालमींत उतरवितां येत नाहीं. त्याला शेपटीस धरून ओढणें, काठीनें डिवचून पळविणें, हे प्रकार निव्वळ छळाचे आहेत. भ्यालेला साप पळतो खरा, परंतु त्या भीतीनें तो पुढें खाणेंच सोडतो. सापाचा खरा व्यायाम म्हणजे शोध. तेव्हां त्याला शोधावयास कांहीं तरी द्यावें. पेटी निदान सापाच्या लांबीइतकी लांब असावी. तिच्या एका टोकाला तीस अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब आणि दुसऱ्या टोकाला बावीस-चोवीस अंशांचा गारवा ठेवला, म्हणजे ऊब आणि गारवा यांसाठीं तो आपण होऊनच ये-जा करतो. चढावयास आडव्या-उभ्या फांद्या, शिरावयास सुका पाला, लपावयास दोन्हीं टोकांना एकेक आडोसा, आणि अंग बुडेल एवढें पाण्याचें पसरट भांडें असावें. गांडूळ नेहमीं एकाच जागीं न ठेवतां आज फांदीखालीं, पुढल्या वेळीं पाल्यांत ठेवावें, म्हणजे जिभेनें वास घेत त्याला सगळी पेटी धुंडाळावी लागते. गप्पी मासे पाण्यांत सोडले तर त्यांच्या मागें लागण्यांत जो व्यायाम होतो तो दुसऱ्या कशानेंही होत नाहीं. दारें, मोऱ्या आणि फटी बंद केलेल्या खोलींत, लक्ष ठेवून, दहा-पंधरा मिनिटें त्याला जमिनीवर फिरूं द्यावें. मात्र खाल्ल्यानंतर दोन दिवस त्याला हातही लावूं नये, नाहीं तर गिळलेलें तो ओकून टाकतो. सापाला हाताळल्यावर साबणानें हात धुवावे, आणि त्याचा काटा व भांडीं घरच्या भांड्यांत मिसळूं नयेत, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर पोट बिघडविणारे जंतु असूं शकतात. लहान मुलांच्या घरांत ही काळजी विशेष घ्यावी. एवढें करूनही अंग उतरत नसेल, किंवा साप सुस्त पडून राहत असेल, तर सरपटणारे प्राणी जाणणाऱ्या पशुवैद्यास दाखवावें.

हे सर्व उपाय नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानांत येईल. पेटींतल्या सापाला बरें करणें म्हणजे त्याच्या पेटींत रान थोडेंसें परत आणून ठेवणें होय. बांधावर जें आपोआप घडतें, तें येथें विचारपूर्वक घडवून आणावें लागतें. कधीं भक्ष्य, कधीं उपवास, कांहीं ऊन, कांहीं सांवली, आणि प्रत्येक घांसामागें थोडे कष्ट. परदेशांत कायद्यानें मोकळीक असेल तेथें हें ज्याला नेमानें साधेल, त्यानें साप पाळावा. ज्याला साधणार नाहीं, त्यानें तो न पाळणें हीच त्या प्राण्यावरील खरी दया.

आपल्याकडे तर निवड याहून सोपी आहे. येथें नानेटीसाठीं पेटी लागत नाहीं, दिवा लागत नाहीं, काटाही लागत नाहीं. पावसाळ्यांत ती अंगणांत किंवा मोरीजवळ आली तर काठी उचलूं नये. वाट मोकळी ठेवावी, म्हणजे ती आपण होऊन निघून जाते. साप ओळखतां आला नाहीं किंवा घरांत अडकला, तर दूर उभें राहून वनखात्यास किंवा जाणत्या सर्पमित्रास बोलवावें. आणि खाचराच्या बांधावरचें थोडें गवत, ओढ्याकांठची थोडी झुडपें मुद्दाम राखून ठेवावीं. तेवढ्यावर ती आपलें पोट आपण भरते, आणि ती लठ्ठ झाल्याची तक्रार करण्याची पाळी कोणावर येत नाहीं.