ढिगाऱ्याखालचे सोने आणि ढिगाऱ्याखालची माणसे



११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये जे घडले त्याची दृश्ये जगभरच्या घराघरांतून पाहिली गेली. अल् कायदाच्या दहशतवाद्यांनी दोन प्रवासी विमाने जागतिक व्यापार केंद्राच्या दोन मनोऱ्यांवर आदळवली. ११० मजल्यांचे ते मनोरे पावणेदोन तासांच्या आत जमीनदोस्त झाले. न्यूयॉर्कमध्ये २७५३ माणसे मारली गेली. त्यांत अग्निशमन दलाचे ३४३ जवान होते. लोक जीव वाचवण्यासाठी जिने उतरत असताना हे जवान तेच जिने चढत होते.

त्या ढिगाऱ्याखाली माणसे होती, हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्याच ढिगाऱ्याखाली सोने आणि चांदीही होती, याची जाण फार थोड्यांना आहे. दोहोंचा शोध एकाच भूमीवर, एकाच काळात चालला होता. धन आणि धर्म यांचा संबंध काय असावा, हा प्रश्न त्या भूमीवर जितक्या उघडपणे उभा राहिला, तितका तो क्वचितच राहिला असेल.

व्यापार केंद्राच्या परिसरात केवळ दोन मनोरे नव्हते. एकूण सात इमारती होत्या. त्यांपैकी चौथ्या क्रमांकाची इमारत नऊ मजल्यांची होती. दक्षिण मनोरा कोसळला तेव्हा त्याचा मोठा भाग या इमारतीवर पडला आणि तिचा बहुतांश नष्ट झाला. हिच्या तळघरात कॅनडाच्या बँक ऑफ नोव्हा स्कॉशियाची तिजोरीघरे होती. न्यूयॉर्कच्या धातूंच्या वायदेबाजारात, म्हणजे कोमेक्समध्ये, जे व्यवहार होतात त्यांच्या पाठीशी प्रत्यक्ष धातू असावा लागतो. तो धातू बाजाराने मान्य केलेल्या तिजोऱ्यांत ठेवलेला असतो. खरेदीदार बदलतो, पावतीवरचे नाव बदलते. लगड मात्र आपल्या जागेवरून हलत नाही. प्रत्येक लगडीवर ती गाळणाऱ्या कारखान्याची मुद्रा, शुद्धता आणि क्रमांक कोरलेला असतो. हा सर्व व्यवहार विश्वासावर चालतो आणि त्या विश्वासाचा पाया जमिनीखाली असतो.

या तिजोरीघरांतील नोंद अशी होती : सोने ३,७९,०३६ औंस आणि चांदी २,९९,४२,६१९ औंस. आपल्याकडच्या मापात सांगायचे तर सोने सुमारे पावणेबारा टन आणि चांदी सुमारे ९३० टन. चांदीची एक वीट साधारण एक हजार औंसांची, म्हणजे ३१ किलोंची. अशा जवळजवळ तीस हजार विटा तेथे होत्या. एवढे वजन खांद्यावर वा खिशात घालून पळवण्यासारखे नव्हते. तरीही ऑक्टोबर महिन्यात त्या तिजोरीघराजवळच्या एका दारावर जळाल्याच्या खुणा आढळल्या, कोणीतरी आत शिरण्याचा प्रयत्न केला असावा असा संशय आला आणि पहारा वाढवण्यात आला, असे तेव्हाच्या वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. हजारो कुटुंबे आपल्या माणसांची वाट पाहत असताना कोणाची तरी नजर तिजोरीकडे वळली असावी, हा संशयच पुरेसा बोलका आहे.

धातू बाहेर काढण्याचे काम सोपे नव्हते. ढिगाऱ्याच्या पोटात आग धुमसत होती. ती पूर्णपणे विझली असे डिसेंबर २००१ मध्ये जाहीर झाले. तळघरांचे छत कोठे तग धरून आहे आणि कोठे ढासळले आहे, हे आत उतरल्यावाचून कळत नव्हते. चांदी ९६२ अंश सेल्सियसला वितळते आणि सोने १०६४ अंशांना. परंतु तिजोऱ्यांपर्यंत तशी उष्णता पोहोचली नाही. भिंती टिकल्या, धातू शाबूत राहिला. ऑक्टोबर २००१ च्या अखेरीस वाट मोकळी झाली. चिलखती गाड्या आणल्या गेल्या. सशस्त्र पहाऱ्यात, अग्निशमन दलाचे आणि पोलीस दलाचे मिळून सुमारे तीस जण लगडी आणि विटा हलवण्याच्या कामाला लागले. नोव्हेंबरमध्ये २३ कोटी डॉलरहून अधिक किमतीचा धातू बाहेर आल्याचे सांगण्यात आले.

पुढे अफवांचे पेव फुटले. याहून कितीतरी अधिक सोने होते, ते कोणीतरी आधीच हलवले, अशा कथा रचल्या गेल्या. आपल्या कार्यकर्त्यांनी अशा वेळी साधे गणित करावे. त्या दिवसांत सोन्याचा भाव औंसाला सुमारे २८० डॉलर होता आणि चांदीचा सुमारे सव्वाचार डॉलर. नोंदीतील सोन्याचे साडेदहा कोटी डॉलर होतात, चांदीचे साडेबारा कोटींहून थोडे अधिक. बेरीज २३ कोटींच्या घरात जाते. नोंद आणि हाती आलेला धातू यांचा मेळ असा बसतो. शत्रूविषयी सावध असणे वेगळे आणि प्रत्येक घटनेमागे कारस्थान शोधत बसणे वेगळे. पहिल्याने समाज बळकट होतो, दुसऱ्याने तो पोखरला जातो.

आता या हकीगतीचा मर्माचा भाग. ज्या दिवसांत सोने बाहेर येत होते, त्याच दिवसांत न्यूयॉर्कचे महापौर रुडी जुलियानी यांनी ढिगाऱ्यावर एका वेळी काम करणाऱ्या अग्निशामकांची संख्या ६४ वरून २५ वर आणण्याचा निर्णय घेतला. कारण सुरक्षिततेचे देण्यात आले. प्रचंड यंत्रे फिरत होती, जागा धोक्याची होती, आणखी बळी जाऊ नयेत, असा तो युक्तिवाद होता. त्यात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. परंतु दोनशेहून अधिक जवानांचे अवशेष तेव्हा अजून सापडलेले नव्हते. आतापर्यंत एखादा सहकारी सापडला की काम थांबत असे, यंत्रे बंद होत, अवशेषांवर राष्ट्रध्वज पांघरला जाई आणि सर्वजण दोन रांगांत उभे राहून त्याला मानवंदना देत. यंत्राच्या एका घासात आपला भाऊ कचऱ्याबरोबर उचलला जाईल, ही भीती आता त्या जवानांच्या मनात घर करून बसली.

२ नोव्हेंबर २००१ रोजी शेकडो अग्निशामक निदर्शने करीत त्या जागी गेले. ११ सप्टेंबरला ज्या पोलिसांच्या खांद्याला खांदा लावून ते झुंजले होते, त्याच पोलिसांशी त्यांची झटापट झाली. काही पोलीस जखमी झाले, काही अग्निशामकांना अटक झाली. सोने मिळाले म्हणून आता माणसांचा शोध आटोपता घेतला जात आहे, असा त्यांच्या संघटनांचा आरोप होता. शासनाने तो अमान्य केला. मात्र दिवंगतांच्या कुटुंबीयांचा आक्रोश ऐकल्यानंतर जवानांची संख्या पुन्हा वाढवावी लागली. ढिगारा उपसण्याचे काम पुढे मे २००२ पर्यंत चालले.

या वादात कोणाची बाजू किती खरी, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. ध्यानात घ्यावयाचे ते असे की आरोप होण्यास वाव राहिला. सोने बाहेर काढणे हे कर्तव्यच होते. ते परक्यांचे धन होते आणि ठेव परत करणे हा धर्म आहे. चूक सोने काढण्यात नव्हती. सोन्याची गाडी निघाली आणि माणसाच्या शोधाची फळी त्याच आठवड्यात कमी झाली, हा क्रम दुखावणारा होता. शासनाचा हेतू शुद्ध असून चालत नाही. तो शुद्ध आहे हे शोकाकुल माणसाला दिसावेही लागते. लगडीवर क्रमांक होता, म्हणून लगड ओळखू आली. माणसांच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. मृतांपैकी सुमारे ४० टक्के व्यक्तींचे अवशेष पाव शतक होत आले तरी ओळखता आलेले नाहीत. आपल्या घरच्या माणसाच्या अस्थी हाती लागणे आणि त्यांचे विधिवत् विसर्जन होणे याला हिंदू मनात काय स्थान आहे, हे येथे सांगण्याची आवश्यकता नाही. त्या अग्निशामकांचा आक्रोश समजण्यास इंग्रजी यावे लागत नाही.

अशीच एक कसोटी मुंबईने त्यापूर्वी सत्तावन्न वर्षे दिली होती. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजात सुमारे १४०० टन स्फोटके होती, कापसाच्या गासड्या होत्या आणि सोन्याच्या लगडींच्या ३१ पेट्या होत्या. किंमत सुमारे ८ लाख ९० हजार पौंड. दुपारी चारनंतर अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतराने दोन स्फोट झाले. शेकडो माणसे दगावली, हजारो बेघर झाली. आग विझवताना अग्निशमन दलाच्या ६६ जवानांनी प्राण दिले. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, तो त्यांच्याच स्मरणार्थ.

येथे सोने तिजोरीत बंद नव्हते. ते आभाळातून शहरावर पडले होते आणि समुद्रात बुडाले होते. गोदीपासून सुमारे मैलभर दूर एका पारशी गृहस्थाच्या घराचे छप्पर फोडून एक लगड आत आली. पहारा नव्हता, साक्षीदार नव्हता. महायुद्धाचे दिवस होते, महागाईने सामान्य माणूस पिचला होता. त्या गृहस्थाने ती लगड सरकारजमा केली. त्यानंतर आठ हजार माणसे सात महिने गोदीतला राडारोडा उपसत होती. सुमारे पाच लाख टन मलबा त्यांनी हलवला. गाळातून लगडी मिळत राहिल्या, पुढील अनेक वर्षे अधूनमधून मिळत राहिल्या. त्या पारशी गृहस्थाला ठेव परत करण्यास कोणा शिपायाने भाग पाडले नाही. त्याच्या घरातील संस्काराने भाग पाडले. परधनाचा लोभ धरू नये हे ईशोपनिषदाच्या पहिल्याच मंत्रात सांगितले आहे. त्या गृहस्थाच्या उपासनेची भाषा वेगळी होती, शिकवण तीच होती.

राष्ट्राच्या दृष्टीने यातून आणखी एक विचार निघतो. कोश कोठे आणि कसा ठेवावा, हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात संनिधाता या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगताना पाण्यापासून आणि ओलीपासून सुरक्षित, दगडांनी बांधून काढलेल्या, तीन तळांच्या भूमिगृहाचे वर्णन केले आहे. एवढेच नव्हे, तर संकटकाळासाठी राज्याच्या सीमेवर वेगळा ध्रुवनिधी ठेवावा, असेही सांगितले आहे. सारे धन एकाच छपराखाली असू नये, हे त्या द्रष्ट्याने जाणले होते.

१९९१ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी आटली तेव्हा भारताला सुमारे ४७ टन सोने परदेशी तारण ठेवावे लागले. घरातील स्त्रीचे दागिने गहाण ठेवताना कुटुंबाला जे वाटते, ते तेव्हा देशाला वाटले. २००९ मध्ये त्याच भारताने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून २०० टन सोने विकत घेतले. मार्च २०२४ च्या अखेरीस रिझर्व्ह बँकेकडे ८२२ टन सोने होते, त्यातील ४०८ टन देशात होते. सहा महिन्यांनी, सप्टेंबरअखेर, एकूण साठा ८५४ टनांवर गेला आणि देशात ठेवलेले सोने ५१० टनांवर. स्वदेशी ठेवलेले हे सोने मुंबई आणि नागपूर येथील तिजोऱ्यांत असते, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने जबाबदारीची गोष्ट आहे. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत ज्या ठिकाणी बॉम्बस्फोट घडवले गेले, त्यांत शेअर बाजाराच्या इमारतीचे तळघर होते आणि झवेरी बाजारही होता. त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी, २६ फेब्रुवारीला, न्यूयॉर्कच्या व्यापार केंद्राच्या तळघरातही स्फोट झाला होता. दहशतवादी राष्ट्राच्या अर्थव्यवस्थेच्या मर्मावर घाव घालतो. म्हणून कोशाचे रक्षण हे सीमेच्या रक्षणाइतकेच महत्त्वाचे आहे.

परंतु तिजोरी कितीही भक्कम असली तरी राष्ट्राची खरी ठेव तेथे नसते. नऊ मजल्यांची इमारत गेली, तिच्याखालचा धातू जसाच्या तसा निघाला. ज्या बँकेच्या ताब्यात तो होता, तिने पुढे २०२० मध्ये धातूंचा हा व्यवसायच गुंडाळला. लगडी दुसऱ्या हाती गेल्या असतील, वितळून नव्या घडल्या असतील. जिने चढत गेलेले ३४३ जण आणि गोदीच्या ज्वाळांत गेलेले ६६ जण मात्र कोणत्याही भट्टीतून पुन्हा घडणार नाहीत. तसे जवान घडतात ते घराघरांतून, शाळांतून आणि शाखेच्या मैदानावरून.

आपत्ती सांगून येत नाही. भूकंप असो, पूर असो वा स्फोट असो, मदतीला धावणारा कार्यकर्ता अनेकदा पहिल्या काही तासांतच ढिगाऱ्यापाशी पोहोचतो. तेथे त्याच्या हाताला मंगळसूत्र लागेल, नोटांची पेटी लागेल, देवघरातील चांदीचे तबक लागेल. त्या प्रत्येक वस्तूची नोंद व्हावी, साक्षीदारासमक्ष ती सुपूर्द व्हावी. आणि त्याच हातांनी, त्याहून अधिक हळुवारपणे, माणसाचा शोध अखेरपर्यंत चालू राहावा. क्रम चुकता कामा नये. आधी जिवंत माणूस, मग मृताचा देह, त्यानंतर धन. हा क्रम ज्या समाजाच्या हाडीमाशी खिळला आहे, त्याच्या तिजोऱ्यांना कुलपे कमी लागतात.