तुझा भाऊ सध्या कुठं असतो?

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, स्मरणिकेसाठी थोडं आवरून)



संयोजकांनी मला फोनवर बजावलं होतं, "तू कॉम्प्युटरमधली आहेस, तर एआयवर बोल. पोरांच्या नोकऱ्या राहणार की जाणार, तेवढं सांग." त्याचं उत्तर एका वाक्यात संपतं. काही राहतील, काही जातील, आणि नक्की कुठल्या ते आमच्या क्षेत्रातही कुणाला ठामपणे सांगता येत नाही. उरलेल्या वेळात मी वेगळ्याच विषयावर बोलणार आहे. संयोजकांनी माईक बंद करू नये, ही विनंती.

मी गावी आले आणि आपल्यापैकी कुणी शिक्षक भेटले की दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "कुठल्या कंपनीत?" दुसरा, "तुझा भाऊ सध्या कुठं असतो?" माझा भाऊ आपल्या तीन वर्षं मागे होता. पण त्याचं अक्षर सगळ्यांना आठवतं. दारातल्या फळ्यावरचा रोजचा सुविचार, गॅदरिंगचे बोर्ड, पंधरा ऑगस्टचं रंगीत खडूचं काम, सगळं त्याच्याकडे. चित्रकलेचे सर त्याला जे. जे.ला पाठवायचं म्हणायचे. दुसऱ्या प्रश्नाला आमच्या घरचं एक उत्तर होतं, "पुण्याला असतो." जवळचं कुणी असलं तर, "त्याला जरा बरं नसतं."

आज त्याला विचारून, त्याच्या परवानगीनं, खरं उत्तर देते. तो इथंच असतो. बाजारपेठेच्या मागं आमच्या जुन्या घरात, आईबरोबर. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. एकोणिसाव्या वर्षी सुरू झाला, आता तो बेचाळीस वर्षांचा आहे. रोज गोळ्या घेतो. एका प्रेसमध्ये अर्धा दिवस लग्नपत्रिकांची मुद्रितं तपासतो. गावातल्या निम्म्या पत्रिकांमधलं ‘आशीर्वाद’ बरोबर छापलं जातं, ते त्याच्यामुळं.

मंडपात आत्ता जी शांतता पसरली, तिच्याबद्दलच मला बोलायचं आहे. मधुमेह म्हटलं असतं तर तुम्ही लगेच विचारलं असतं, साखर किती, इन्सुलिन आहे का, मेथ्या भिजवून देता का.

आजार सुरू झाला तेव्हा आम्हाला तो आजार वाटला नाही. आधी त्याची झोप गेली, मग अंघोळ गेली, मग तो रेडिओ उशाखाली दाबून ठेवायला लागला, कारण निवेदक त्याच्याबद्दल बोलतोय असं त्याला ऐकू यायचं. घरात आणि गल्लीत या सगळ्याला जी नावं दिली गेली, ती क्रमानं सांगते. पहिलं नाव होतं ‘नाटकं’. ज्याची नाटकं चालतात त्याचा इलाज गावाला ठाऊक असतो, त्याप्रमाणे एका काकांनी दोन कानाखाली लावल्या. दुसरं नाव, ‘प्रेमभंग’. म्हणजे लग्न करून द्या, सुधारेल. सुदैवानं ते कुणी मनावर घेतलं नाही. तिसरं, ‘बाहेरचं’. मग नरसोबाची वाडी झाली, गाणगापूर झालं, एका देवऋष्याचे उतारे झाले. वाडीला जायला माझी ना नाही. आई अजून जाते, तिला तिथं बरं वाटतं आणि ते खरं बरं वाटणं आहे. पण या नावांमध्ये दोन वर्षं गेली. चौथं नाव मात्र मिरजेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी उच्चारलं, आणि त्या नावाबरोबर पहिल्यांदा एक कागद हातात आला, ज्याच्यावर गोळीचं नाव होतं आणि पुढची तारीख होती.

आमच्या कामात एक रोजचा वैताग असतो. ग्राहक फोन करून म्हणतो, ‘सिस्टिम चालत नाही.’ या वाक्यावर कुणालाही काही दुरुस्त करता येत नाही. काय दाबलं, काय दिसलं, कधीपासून, हे कळलं की निम्मं काम होतं. ‘डोक्यावर परिणाम झालाय’ हे वाक्य ‘सिस्टिम चालत नाही’सारखंच आहे. शब्द म्हणजे पत्ता असतो. ‘नाटकं’ म्हटलं की माणूस माराकडे जातो, ‘बाहेरचं’ म्हटलं की देवऋष्याकडे, आणि ‘जरा बरं नाही’ म्हटलं की माजघरात. दवाखान्याचा पत्ता आमच्या बोलीत लिहिलेलाच नव्हता. म्हणजे दवाखान्याचा होता, पण शिवी म्हणून! ‘येरवड्याला धाडा याला.’ ठाण्याकडची माणसं ‘ठाण्याला’ म्हणतात, विदर्भात नागपूर, कोकणात रत्नागिरी. राज्यातल्या सरकारी मनोरुग्णालयांची चारही गावं आपण चेष्टेत वापरून संपवली. मग खरंच तिथल्या बाह्यरुग्ण विभागात जायची वेळ आली की पाय कसा उचलणार?

आता तुमच्यातले काही मनात म्हणत असतील, ही बाई आता ‘वेडा’ म्हणू नका असं सांगणार. नाही सांगणार. मराठीतून ‘वेड’ काढलं तर मराठी अर्धी सुकून जाईल. वाचनाचं वेड, विठ्ठलाचं वेड, वेडी माया. आई लेकराला जवळ घेऊन "वेडाबाई" म्हणते त्यात कसला अपमान? आणि आपल्या भागात ‘नाद खुळा’ ही तर सगळ्यात मोठी शाबासकी. माझ्या भावानं नवीन पत्रिकेचं डिझाईन केलं की प्रेसचे मालक "नाद खुळा!" म्हणतात आणि तो खूश होतो. शब्दाला कान नसतात, माणसाला असतात. फरक कुठं पडतो हे त्याच्याकडूनच मला कळलं. तो म्हणाला, "वेडा म्हटलं तर चालतं गं. पण मी काहीतरी सांगत असताना म्हटलं, की माझं बोलणं तिथंच संपतं." प्रेसमध्ये एकदा पगारातून पैसे कमी आले. त्यानं हिशेब बरोबर मांडला होता. समोरचा दुसऱ्याकडं वळून म्हणाला, "जाऊ दे, त्याचं काय घेऊन बसलास." त्या वाक्यात ‘वेडा’ शब्द कुठंच नव्हता.

आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक विनोद दर आठ दिवसांनी येतो, "आज गोळी घ्यायला विसरलास काय रे?" ग्रुपवर आपण ऐंशीजण आहोत. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये निम्हान्सनं केलं. (बारा राज्यांत झालं, त्यात महाराष्ट्र नव्हता. पण आपण काही वेगळ्या मातीचे नाही.) त्यात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. ऐंशीला लावा, आठ-नऊजण येतात. त्याच सर्वेक्षणात आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोहोचलेलेच नव्हते. म्हणजे ग्रुपवरच्या त्या आठ-नऊपैकी फार तर दोघं-तिघं गोळी घेत असतील, आणि तो विनोद वाचून अंगठा दाखवत असतील. उरलेले घेत नसतील, आणि तो विनोद वाचून आणखी काही दिवस घेणार नाहीत. स्किझोफ्रेनिया त्या मानानं विरळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं जगात साधारण ३०० माणसांमागे एक. आपल्या वेळी शाळेचा पट नऊशेच्या घरात होता.

याच्या उलट टोकाचाही एक प्रकार आहे, आणि तो शहरात जास्त. कपाट नीट लावलं की "मला ओसीडी आहे", सोमवारी "डिप्रेशन आलं", सकाळी ऊन नि दुपारी पाऊस पडला की हवामान ‘बायपोलर’. माझी कॉलेजात जाणारी मुलगीही असंच बोलते. मला त्याचा फार राग येत नाही. निदान शब्द तोंडात तरी आले. आमच्या पिढीला ते उच्चारताही येत नव्हते. फक्त एवढं होतं की, ज्याला हात धुऊन धुऊन कातडी निघेपर्यंत थांबता येत नाही, त्यानं "मला ओसीडी आहे" म्हटलं की समोरचा हसून म्हणतो, "मलाही!"

शब्द बदलून काही होतं का, हा प्रश्न मी इंजिनिअरच्या सवयीनं तपासून पाहिला. दोन्ही बाजूंचे पुरावे सापडले.

होतं, याचा पुरावा जपानचा. तिथं स्किझोफ्रेनियाला जे नाव होतं त्याचा शब्दशः अर्थ ‘मन फाटण्याचा रोग’. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेनं १९९३ मध्ये ते बदलायची मागणी केली आणि २००२ मध्ये तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संस्थेनं नाव बदललं. नवीन नावाचा अर्थ साधारण ‘एकसंधपणा बिघडण्याचा विकार’. आधी डॉक्टरच रुग्णाला निदान सांगायला कचरत. तीनेक वर्षांत, निदान सांगितलेल्या रुग्णांचं प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवरून ७० टक्क्यांच्या आसपास गेलं. नाव बदललं म्हणून डॉक्टरांची जीभ सुटली. आपल्याकडे मराठी पुस्तकांत अजून ‘छिन्नमनस्कता’ आहे. हे नाव आईला सांगून बघा कुणी. शिवाय त्यामुळं लोकांना वाटतं की एका माणसात दोन माणसं राहतात. ते तसं नसतं. सिनेमावाल्यांनी तो घोळ आणखी वाढवला. अपवाद म्हणून २००४ चा ‘देवराई’ जरूर बघा. अतुल कुलकर्णींनी त्यात हा आजार असलेल्या माणसाची भूमिका केली आहे.

नुसतं शब्द बदलून होत नाही, याचा पुरावा आमच्याच क्षेत्रात आहे. प्रोग्रॅम ढोबळमानानं ठीक चालतो का हे बघण्याला आम्ही ‘सॅनिटी चेक’ म्हणतो, म्हणजे शहाणपणाची तपासणी. काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होते तिथं फर्मान निघालं की हा शब्द मानसिक आजार असलेल्यांना खटकतो, काढा. एका दुपारी आम्ही तो सगळीकडून काढला. त्याच महिन्यात माझ्या टीममधला एक मुलगा नैराश्यासाठी तीन आठवड्यांच्या रजेवर गेला. रजेच्या अर्जात त्यानं कारण लिहिलं, ‘पाठदुखी’. ते कारण त्याला त्याच्या वरिष्ठांनीच सुचवलं होतं, प्रमोशनच्या वेळी आड येऊ नये म्हणून.

कायद्याची भाषाही अशीच सरकत आली. १९१२ चा ‘इंडियन ल्युनसी अ‍ॅक्ट’, म्हणजे सरळ वेड्यांचा कायदा. मग १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा. मग २०१७ चा, जो मे २०१८ पासून लागू झाला. त्यात पहिल्यांदा उपचार हा माणसाचा हक्क म्हणून आला, आणि शारीरिक आजारांसारखाच विमा मानसिक आजारांनाही द्यावा असं आलं. आपापल्या पॉलिसी काढून बघा. एजंट स्वतःहून हे सांगत नाही.

ठाण्या-पुण्यातल्या स्वमदत गटांमध्ये रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. ‘शुभंकर’ मला फार आवडला. आजवर मला सगळे "बिचारी बहीण" म्हणत होते. ‘शुभार्थी’ ऐकून भाऊ म्हणाला, "हे पत्रिकेत खाली छापायला बरं आहे. शुभार्थी: समस्त जाधव परिवार." आमचं आडनाव जाधव नाही, पण त्या आठवड्यात त्याच्या टेबलावर जाधवांची पत्रिका होती.

पत्रिकेवरून आठवलं. ही सगळी लपवाछपवी शेवटी कशासाठी असते? स्थळासाठी. "घराण्यात कुणाला काही आहे का?" हा प्रश्न आपल्याकडे चहा-पोह्यांइतका ठरलेला. आईवडिलांनी भावाला पुण्याला ‘ठेवला’ तो माझ्या लग्नासाठी, आणि मी त्यांना दोष देत नाही. मी स्वतः मात्र बघायला आलेल्या प्रत्येक मुलाला सांगत होते. तीन स्थळांची पत्रिका त्यानंतर जुळेनाशी झाली. चौथा जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "माझी एक मावशी आहे. आम्ही ती आश्रमात असते असं सांगतो." आमच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली. लग्नानंतर मी मावशींना भेटायला गेले, तेव्हा सासरचं ती मंडळी कुठं असते हे सांगणारं पहिलं माणूस मीच ठरले.

सर, बाई, तुमच्यातले काही अजून शिकवण्या घेता, काहीजण शाळा समितीवर आहात. हा आजार बहुतेक वेळा सतरा-अठरा ते पंचविशीच्या दरम्यान डोकं वर काढतो. म्हणजे बारावी, कॉलेज, पहिली नोकरी. हुशार मुलगा अचानक मागं पडला, बोलेनासा झाला, रात्रभर जागा राहायला लागला, तर ‘वाया गेला’ म्हणण्याआधी घरच्यांना बोलावून एवढंच विचारा, कधीपासून? १४४१६ हा ‘टेली मानस’चा सरकारी फोन नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. नोटीस बोर्डावर लावायला जागा लागेल तेवढीच.

भाऊ आज आला नाही. लाउडस्पीकर आणि गर्दी त्याला सोसत नाही. चित्रकलेच्या सरांनी मघाशी मला खूण केली, भेटायचं आहे म्हणून. सर, दहानंतर जा, रात्रीच्या गोळीमुळं त्याला उठायला उशीर होतो. एखादं वाक्य बोलून तो मध्येच थांबला तर घाई करू नका, पुढचं येतं. तब्येतीचं विचारलंत तरी चालेल, नाही विचारलंत तरी चालेल. चहा तो स्वतः करतो. साखर फार घालतो, तेवढं आधी सांगून ठेवा.