सोळा आण्यांचा हिशेब



१ एप्रिल १९५७ रोजी आपल्याकडे दशमान नाणी आली आणि आणे हळूहळू गेले. तरी ‘सोळा आणे खरं’ हे आपण अजून म्हणतो. गंमत अशी, की खरेपणाचा सोळाच्या पटीतला हिशेब संगणकातही आहे, आणि १ जुलै २०२४ पासून तो आपल्या न्यायालयांच्या कागदांवरही आला आहे.

त्या दिवशी भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे मोबाइलमधला व्हिडिओ किंवा संगणकातली नोंद पुरावा म्हणून द्यायची, तर सोबत प्रमाणपत्र लागतं. प्रमाणपत्राची अट जुन्या कायद्यातही होती. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून खोतकर विरुद्ध गोरंट्याल हा खटला झाला. उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, हा वाद होता आणि पुरावा होता कार्यालयातल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणाचा. मूळ उपकरण हजर केलं नसेल तर प्रमाणपत्र आवश्यक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितलं. नव्या कायद्याच्या नमुन्यात आणखी एक रकाना आला : ‘हॅश’. उद्या आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कुणी धुरा कोरल्याचा व्हिडिओ घेऊन कोर्टात गेला, तर हा रकाना त्यालाही भरावा लागेल.

हॅश म्हणजे काय? उर्दू-फारसी कवींची एक जुनी रीत मला इथे आठवते. अबजद हिशेबात प्रत्येक अक्षराला अंक असतो. अलिफ एक, बे दोन, जीम तीन. दुकानांवर आणि ट्रकवर दिसणारा ७८६ हा ‘बिस्मिल्लाह’च्या पूर्ण वाक्यातल्या अक्षरांची बेरीज आहे. बेरजेवरून वाक्य परत मिळत नाही. मात्र दुसऱ्या एखाद्या वाक्याची बेरीजही तेवढीच भरू शकते. हॅशमध्येही मजकुराची संख्या होते, पण हिशेब असा गुंतागुंतीचा असतो, की फाइलीतला एक ठिपका बदलला तरी संख्या पार बदलते. ‘एमडी ५’ या जुन्या पद्धतीत एकच हॅश असलेल्या दोन वेगळ्या फाइली २००४ मध्ये तयार करून दाखवल्या गेल्या, ‘शा १’ मध्ये २०१७ साली. म्हणून आज ‘शा २५६’ वापरणं बरं.

आता सोळाचा हिशेब. शा २५६ चा हॅश संगणकात ३२ बाइटचा असतो. एका बाइटमध्ये आठ खुणा, प्रत्येक शून्य किंवा एक. या कागदावर लिहायच्या कशा? चार खुणांची मिळून सोळा रूपं होतात. त्यांना शून्य ते नऊ आणि पुढे ए ते एफ अशी चिन्हं दिली आहेत. ११०१ म्हणजे तेरा, त्याचं चिन्ह डी. ०१०० म्हणजे चार. दोन्ही मिळून ‘डी४’. उलट वाचायचं तर तेरा रुपये चार आण्यांचे आणे करा : तेरा गुणिले सोळा अधिक चार, २१२. बाइटमधली संख्या हीच. ‘सी’ भाषेतला प्रोग्रॅम हेच करतो. बाइट चार घरं सरकवून रुपये काढतो, उरलेल्या चार खुणांतून आणे.

खरी जोखीम शून्यात आहे. नुसत्या रिकाम्या फाइलीचाही हॅश निघतो. तिच्या एमडी ५ हॅशमध्ये १६ बाइट असतात आणि त्यांत ००, ०४ आणि ०९ हे तीन आहेत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ‘दोन घरं भर, रिकामं असेल तिथे शून्य घाल’ असं बजावलं नाही, तर सी भाषा ०, ४ आणि ९ एवढंच छापते. बत्तीस अक्षरांची एकोणतीस होतात, पुढच्या सगळ्या जोड्या चुकतात. फाइल खरी, हॅश खरा, आणि तरी कागदावरचा आकडा जुळत नाही. याच हॅशमधला सहावा बाइट पूर्ण शून्य आहे. सी भाषेत शून्य बाइट म्हणजे मजकूर संपला. त्यामुळे मजकूर ताडून पाहण्याची नेहमीची रीत इथे पाच बाइट पाहून थांबते आणि जुळलं म्हणून सांगते. पहिल्या चुकीने खरा माणूस खोटा दिसतो, दुसरीने खोटी फाइल खरी ठरू शकते.

म्हणून श्रोतेहो, हे ध्यानात ठेवा. शा २५६ चा हॅश कागदावर ६४ अक्षरांचाच असतो. मोजून पाहा. ६३ भरली, तर सही करण्याआधी विचारा. हाताने उतरवू नका, छापूनच घ्या. व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून पाठवला की आक्रसतो आणि हॅश बदलतो, म्हणून मूळ फाइल मोबाइलमध्ये जपा.

आणि हॅशकडून जास्त अपेक्षाही नको. फाइल बदलली नाही, एवढंच तो सांगतो. धुरा कुणी कोरला, हे ठरवायला साक्षीदार आणि न्यायाधीश लागतातच.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)