मांडवाचा खांब जमिनीत किती?

आम्ही बदलापूरच्या बेलवलीहून बोलतोय. आमचा बचत गट लहानसाच आहे. आज गटातल्या सगळ्या जणींच्या वतीने बोलायचंय ते खड्ड्यांबद्दल. हसू नका. त्या खड्ड्यांनी आमचा एक हंगाम बुडवला आणि पुढचे वाचवले.

आम्ही दरवर्षी परसात आणि शेजारच्या मोकळ्या तुकड्यावर वेल लावतो. शिराळी, दुधी, कारली, पडवळ. घरात पुरेल तेवढी भाजी ठेवायची, उरलेली टोपलीत घालून स्टेशनबाहेर विकायची. मांडव असायचा बांबूचा. मातीत रोवलेला बांबू दोन पावसांत बुंध्याशी कुजतो, की पुन्हा नवा खर्च. म्हणून ठरवलं, एकदाच कायमचा मांडव घालू. गटातून कर्ज घेतलं, लोखंडी पाइप आणले आणि ओळखीच्या एका माणसाकडून खांब उभे करून घेतले. दिसायला छान, एका रेषेत. आषाढात वेल वर चढले, श्रावणात मांडव लगडला.

गणपती पंधरा दिवसांवर आले होते. रात्रभर पाऊस आणि वारा. सकाळी बघतो तर मांडव आडवा. दुधी चिखलात, शिराळी तुटलेली. खांब वाकले नव्हते, मुळासकट उपटून आले होते. प्रत्येकाच्या टोकाला नारळाएवढा सिमेंटचा गोळा, तोही हाताने चुरला तर भुगा होणारा. खड्डे मोजले, जेमतेम फूटभर.

त्या माणसाला नावं ठेवणं सोपं होतं. पण खड्डे खणले जात होते तेव्हा आम्ही आत चहा करत होतो. बाहेर येऊन खांबाचा रंग बघितला, उंची बघितली. खाली किती गेला, हे एकीनेही विचारलं नाही. मांडव गेला, हप्ता मात्र दर महिन्याला चालूच राहिला. बैठकीत दोघी जणी म्हणाल्या, आता मांडवाचं नाव काढू नका.

लग्नघरी मुहूर्तमेढ रोवतात तेव्हा तिला हळदकुंकू आपण लावतो, आंब्याचा डहाळा आपण बांधतो. पहार मात्र हातात घेत नाही. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पहार घेतली. पाइप तेच, खड्डे नवे. ते कसे केले ते सांगतो. वही जवळ असेल तर लिहून घ्या.

आधी वेळ. खांब पुरायचं काम अक्षय्य तृतीयेच्या आसपास उरकायचं. मृग लागेपर्यंत काँक्रीटला घट्ट व्हायला महिनाभर मिळतो. पाऊस सुरू झाल्यावर खड्ड्यात पाणी साचतं आणि माल पातळ होतो.

मग जागा. जमीन आपली नसेल तर मालकाला आधी विचारा. खालून पाण्याची लाइन किंवा वायर गेलेली नाही ना, याची खात्री करा. खांबांमध्ये आठ ते दहा फूट अंतर ठेवा. कोपरा काटकोनात आणायला दोरी पुरते. कोपऱ्यापासून एका बाजूला तीन फुटांवर खूण, दुसऱ्या बाजूला चार फुटांवर खूण. दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट आलं, की कोपरा सरळ.

आता खड्डा. पहारीने आपण दगड उचकटतो ना, तसाच वारा मांडवाला वरून ढकलतो आणि खांब खालून उचकटतो. भिजलेला वेल, त्यावरची फळं, पानांत भरलेला वारा, हे सगळं पेलायचं जमिनीतल्या तुकड्याने. म्हणून खांबाचा चौथा हिस्सा तरी जमिनीत हवाच, थोडा जास्त असला तर उत्तम. आमचे पाइप नऊ फुटांचे. साडेसहा फूट वर ठेवले, अडीच फूट खाली. खड्डा तीन फूट खोल आणि एक फूट रुंद खणला. तळाला सहा इंच खडी, म्हणजे खालचं पाणी झिरपून जातं. खड्ड्याच्या बाजू सरळ ठेवा, तळाशी थोडा रुंद झाला तर चांगलंच. वर पसरट आणि खाली निमुळता खड्डा नको, त्यातून खांब सहज निघून येतो. मुरमात खणताना दम निघतो, पण पकड चांगली मिळते. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, तिथे अर्धा फूट अजून खाली जा.

पाइपच्या खालच्या टोकाला भोक पाडून आडवा सळईचा तुकडा घाला, म्हणजे खांब फिरत नाही आणि उपटतही नाही. लोखंड गंजतं ते जमिनीच्या रेषेशी. तिथे वर अर्धा फूट आणि खाली अर्धा फूट गंजरोधक रंग लावून वाळवा. वरचं तोंड झाकणाने बंद करा.

माल कालवताना माप एकाच घमेल्याचं. एक घमेलं सिमेंट, दोन रेती, चार खडी. आधी कोरडंच तीनदा वरखाली करा, रंग सगळीकडे सारखा दिसला पाहिजे. मग पाणी थोडं थोडं. पन्नास किलोच्या पूर्ण गोणीला दोन बादल्यांपेक्षा जास्त पाणी लागत नाही, रेती ओली असेल तर त्याहून कमी. पातळ माल ओतायला सोपा, पण तोच पुढे भुगा होतो. आमचा पहिला मांडव बहुधा असाच गेला. रेती खाडीची घेऊ नका, तिच्यातलं मीठ लोखंड खातं. आम्ही क्रश सँड वापरली. सहा खांबांना अडीच गोण्या सिमेंट लागलं.

खांब उभा धरायला एक जण, ओळंबा बघायला दुसरी. ओळंबा दोन बाजूंनी बघायचा, एका बाजूने सरळ दिसणारा खांब दुसऱ्या बाजूला कललेला असतो. माल एकदम ओतू नका. सहा-आठ इंचांचा थर घाला, सळईने खचाखच टोचा, हवा निघू द्या, मग पुढचा थर. शेवटी माल जमिनीपेक्षा दोन बोटं वर आणा आणि चहूबाजूंनी उतार द्या, म्हणजे पाणी खांबाशी थांबत नाही. तीन-चार दिवस तिरके टेकू असू द्या.

पुढची गोष्ट पुष्कळांना चुकीची माहीत असते. सिमेंट उन्हात वाळून पक्कं होत नाही. ते पाण्याशी मिळून पक्कं होतं. उन्हाने लवकर सुकलं तर कच्चं राहतं. म्हणून दुसऱ्या दिवसापासून वर गोणपाट टाका आणि सात ते दहा दिवस सकाळ-संध्याकाळ भिजवा. आम्ही पाळ्या लावल्या होत्या. तारा ताणायच्या त्या दोन आठवड्यांनंतर. कडेच्या खांबांना बाहेरून ताण द्या, सगळ्या तारांची ओढ त्यांच्यावर येते.

हाताला रबरी मोजे घाला. आमच्यातल्या एका मावशींनी उघड्या हाताने माल सारखा केला, संध्याकाळी बोटांची सालं निघाली. ओलं सिमेंट कातडी जाळतं. डोळ्यांत उडालं तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा.

पाइप परवडत नसतील तर बांबू चालेल, पण बांबू काँक्रीटमध्ये पुरू नका. तिथे ओल धरून तो कुजतो. लोखंडी अँगलचा तुकडा काँक्रीटमध्ये बसवा आणि बांबू जमिनीच्या वर, त्या अँगलला बोल्टने आवळा. बांबू खराब झाला तर तेवढाच बदलायचा, खालचं काम तसंच राहतं. जागा भाड्याची असेल तर काँक्रीट नकोच. खोल खड्डा, दगडांची पाचर आणि थराथराने चोपलेला मुरूम, एवढ्यावरही साधा मांडव उभा राहतो.

नदीकाठच्या मैत्रिणींना एक सांगणं. 26 जुलै 2005 आम्ही विसरलो नाही. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, तेही उल्हास नदीचंच पाणी. अशा पुरापुढे कुठलाच खांब टिकेल असं आम्ही म्हणणार नाही. जिथे पाणी चढतं, तिथे कर्ज काढून मांडव घालू नका.

आमचा दुसरा मांडव दोन पावसाळे उभा आहे. मागच्या दिवाळीआधी कर्जाचा शेवटचा हप्ता भरला. मांडवाचं नाव काढू नका म्हणणाऱ्या दोघी आता तोंडलीचा वेल कुठे चढवायचा यावर भांडतात.

आणि गटात एक नियम झाला. गटाच्या पैशातून काहीही बांधलं, तर खड्डा भरण्याआधी दोघी जणी काठी घालून मोजतात आणि तो आकडा इतिवृत्ताच्या वहीत लिहितात. खाली सह्या करतात. काम कोणीही करो, नवरा, भाऊ किंवा मजूर, मोजल्याशिवाय खड्डा भरायचा नाही. पहिल्यांदा जरा राग येतो लोकांना. मग सवय होते.

तुमच्या परसात मांडव असेल तर आज संध्याकाळी प्रत्येक खांब दोन्ही हातांनी धरून हलवून बघा. बुंध्याशी माती हलली, तर पावसाआधी अजून वेळ आहे.