गळ, वजनकाटा आणि नोंदवही

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात कुंभकोणम येथे दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या क्रीडाकार्यक्रमात गळाने मासे धरण्याची स्पर्धा असावी, अशी सूचना आपल्या तरुण सभासदांनी मांडली आणि तिच्यावर दोन आक्षेप आले. शाकाहारी घरांतून उभ्या राहिलेल्या मंडळाला हा खेळ शोभत नाही, हा पहिला. ही तर साहेबांची करमणूक, तिच्याशी मराठी माणसाचा संबंध काय, हा दुसरा. या दोन्ही आक्षेपांविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, म्हणून उभा आहे.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर सोपे आहे. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, ही नोंद याच ग्रंथात आहे. त्यामुळे मराठीच्या अभ्यासकांना तो पूज्य आहे. त्याच ग्रंथातील 'मत्स्यविनोद' या प्रकरणात माशांच्या जाती, त्यांची खाद्ये, गळ, दोरी आणि काठी यांचे तपशीलवार वर्णन आले आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. हा ग्रंथ छापला गेला तो बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत, श्रीगोंदेकरांच्या संपादनाखाली. आणि त्याच बडोद्याचे दिवाणपद १८७५ पासून १८८२ पर्यंत भूषविणारे राजा सर टी. माधवराव हे १८२८ साली आपल्या या कुंभकोणमातच जन्मले. तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही.

आता स्पर्धेचे स्वरूप पाहू. येथे जिला तमिळमध्ये 'केंडै' म्हणतात, त्या कार्प कुळातील माशांसाठी ही स्पर्धा विशेष रंगते. रोहू, कटला आणि मृगळ ही या कुळातील आपल्याकडची परिचित नावे. मुंबईतील पवई तलावावर गळाचे शौकीन याच माशांसाठी तासन्‌तास बसतात. इंग्लंडमध्ये ज्याच्यासाठी क्लबांचे अंतिम सामने होतात तो कार्प निराळा. त्याची आरशासारख्या मोठ्या खवल्यांची जात १९३९ साली सिंहलद्वीपातून आपल्या निलगिरीत आणली गेली.

अंतिम सामन्याच्या दिवशी तळ्याकाठी क्रमांकाच्या खुंट्या ठोकलेल्या असतात. जागा चिठ्ठी काढून मिळते. तेथे वशिला चालत नाही. शिट्टी झाली की ठरावीक तास, बहुधा पाच, आपल्याच खुंटीपाशी बसावयाचे. प्रथम थोडा चारा टाकून मासे जवळ आणावे लागतात. चारा फार झाला तर माशाचे पोट भरते आणि तो आमिषाकडे पाहत नाही. फार कमी झाला तर तो शेजाऱ्याकडे जातो. खरी कसोटी पुढे असते. काठालगतचे लहान मासे भराभर धरून वजन जमवावे, की एका मोठ्या माशाची वाट पाहत रिकामे बसावे? शेवटी मोजले जाते ते एकूण वजन. मोठा मासा लागला, तरी त्याला ओढून चालत नाही. दोरी सैल करीत, आवरीत, त्याला दमवून मुठीच्या जाळ्यात घ्यावे लागते. दोरी तुटली की दोन तासांची तपश्चर्या पाण्यात जाते. वजन झाल्यावर सगळे मासे पुन्हा पाण्यात सोडले जातात, हा आजच्या स्पर्धेचा नियम.

येथे पहिला आक्षेप उभा राहतो. मासा सोडून दिला, म्हणजे त्याला काही झालेच नाही, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. गळाने त्याच्या तोंडाला जखम होते, झुंजीने तो थकतो. पाणी जितके तापलेले, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात जाळीत कोंडलेला थकलेला मासा सोडल्यावरही दगावू शकतो. मग एवढा त्रास कशासाठी द्यावयाचा? चषकासाठी हे उत्तर मला अपुरे वाटते.

पुरेसे उत्तर आपल्या कावेरीनेच दिले आहे. येथून बरेच वर, कर्नाटकातील अरण्यात, या नदीत कुबडा महाशीर नावाचा मासा राहतो. तोही कार्प कुळातलाच. जगातील गोड्या पाण्याच्या बलाढ्य माशांत त्याची गणना होते. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातील एका शिकाऱ्याने १९४६ साली कबिनी नदीत १२० पौंडांचा महाशीर गळाने धरला होता. गॅलिबोर भागातील शिबिरांतून १९९८ पासून २०१२ पर्यंत शौकिनांनी सहा हजारांहून अधिक महाशीर धरून, नोंदवून सोडले. किती तास बसलो, कोणती जात मिळाली, वजन किती भरले, हे ते वहीत लिहीत गेले. पुढे अभ्यासकांनी त्या वह्या तपासल्या, तेव्हा कुबडा महाशीर वर्षागणिक दुर्मिळ होत असून निळ्या परांचा महाशीर त्याची जागा घेत आहे, हे उघड झाले. या माशाचे शास्त्रीय नाव 'टॉर रेमादेवी' हेच, हे २०१८ साली निश्चित झाले आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत गेला. ओळख आणि अखेरची हाक एकाच वर्षी आली!

तो निळ्या परांचा पाहुणा कोण, हे ऐकून आपल्याला नवल वाटेल. तो 'टॉर खुद्री'. कर्नल साइक्सने १८३९ साली पुण्याच्या मुळामुठेतून वर्णिलेला. लोणावळ्याच्या वळवण तलावापाशी डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी त्याच्या कृत्रिम पैदाशीचे मोठे काम केले, आणि तेथली पिल्ले देशातील अनेक जलाशयांत सोडली गेली. कावेरीतही ही जात अशीच बाहेरून आली. हेतू चांगला होता. पण कोणत्या पाण्यात मूळचे कोण आहे याची पाहणी आधी झाली नव्हती. एकोजीराजांच्या मागोमाग, १६७५-७६ च्या सुमारास आणि त्यानंतर, आपले पूर्वजही त्याच मुलखातून या कावेरीकाठी आले. येथल्या लोकांची भाषा आणि रीत शिकून ते राहिले. माशाला ते शहाणपण सांगता येत नाही. त्याला सोडणाऱ्या माणसाला मात्र सांगता येते.

म्हणून माझे मत असे की, स्पर्धा घ्यावी. मात्र काही अटी पाळाव्या. ती कावेरीत वा अरसलारमध्ये घेऊ नये आणि देवळांच्या पुष्करिणीचा तर विचारही मनात आणू नये. मालकाच्या संमतीने मत्स्यशेतीच्या एखाद्या तळ्यावर, पौष-माघाच्या थंडीत ती घ्यावी. गळाला उलटा काटा नसावा. मासा ओल्या हातांनी धरावा आणि जाळीत कोंडून न ठेवता लगेच तोलून सोडावा. एकही परका मासा कोणत्याही पाण्यात सोडू नये. आणि प्रत्येक माशाची जात, लांबी, वजन व वेळ वहीत उतरवावी. ज्याची नोंद अपुरी, त्याचे वजन धरू नये.

हीच वही दरवर्षी पुढे चालली, तर मंडळाच्या हीरक महोत्सवापर्यंत त्या तळ्याचा दहा वर्षांचा विश्वासार्ह इतिहास आपल्या कपाटात असेल, आणि नदीकाठच्या कोळी बांधवांना विचारून तशीच दुसरी वही कावेरीचीही ठेवता येईल. ज्यांच्या मनाला गळ रुचत नाही, त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. त्यांनी गळ हाती धरू नये; वही हाती धरावी. चांगल्या अक्षराची आणि चोख हिशेबाची परंपरा आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्या परंपरेला यापेक्षा उचित काम मला तरी दिसत नाही.