उकिडव्या बैठकीचा विनोद



परदेशवासाच्या हकिगती सांगताना माणसे भाषेच्या, अन्नाच्या, थंडीवाऱ्याच्या अडचणी मोकळेपणाने सांगतात. एका अडचणीपाशी मात्र त्यांचा आवाज खाली येतो आणि हसू फुटते. ती अडचण शौचकूपाची.

जपानात राहावयास गेलेल्या युरोपीय किंवा अमेरिकन माणसाची फजिती पाहा. जमिनीलगतच्या शौचकूपाला जपानी लोक 'वाशिकी', म्हणजे जपानी पद्धतीचा, असे म्हणतात. लांबट भांडे आणि त्याच्या एका टोकाला अर्धगोल घुमट. बसणाऱ्याने तोंड घुमटाकडे करावयाचे असते. नवागताची जन्मभराची सवय दाराकडे तोंड करण्याची. तो येथेही तेच करतो. मग टाचा टेकत नाहीत, गुडघे कुरकुरतात, खिशातील नाणी निसटतात. कसेबसे निभावून तो विजयी मुद्रेने बाहेर पडतो, तो शौचालयापुरत्याच ठेवलेल्या सपाता पायांत तशाच घालून, थेट बैठकीच्या खोलीत!

परंतु या विनोदाला दुसरीही बाजू आहे. पाश्चात्य भांडे जपानात नवे होते तेव्हा त्यावर कसे बसावे, हे समजावून देणारी चित्रे तेथे लावावी लागली. कारण लोक त्यावर पाय ठेवून उकिडवे बसत. म्हणजे अडाणीपण माणसात नसते, ते अपरिचयात असते. फ्रेंच माणूस अशा शौचकूपाला 'तुर्की' म्हणतो. तुर्कस्तानात त्याला 'अलातुर्का' आणि बसक्या भांड्याला 'अलाफ्रांगा' म्हणतात. शरीरधर्म सर्वांचा एकच. त्यावर देशांच्या पाट्या मात्र वेगवेगळ्या!

खुर्चीसारखे बसणे म्हणजे सुधारणा आणि उकिडवे बसणे म्हणजे मागासलेपण, हा समज सत्तेबरोबर पसरला. शरीरशास्त्राने तो दिलेला नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे अलेक्झांडर किरा यांनी 1966 साली 'द बाथरूम' हा ग्रंथ लिहून उकिडवी बैठकच शरीराला अधिक स्वाभाविक असल्याचे प्रतिपादले. वृद्धांना व गुडघेदुखीच्या रोग्यांना उंच भांडे सोयीचे, हेही तितकेच खरे. निवड सोयीने व्हावी, प्रतिष्ठेने नव्हे.

जपानी लेखक तानिझाकी यांनी 1933 साली छायेच्या सौंदर्यावर निबंध लिहिला, त्यात जुन्या लाकडी शौचगृहाचे मनःपूर्वक कौतुक केले. याच जपानातील एडो नगरात एके काळी मैला विकला जाई. शेतकरी खतासाठी त्याचे मोल देत आणि ते पैसे घरमालकाच्या पदरात पडत. भाडेकरूच्या पोटातूनही मालकाने उत्पन्न काढावे, यापरता विनोद कोणता? तरीही तेथे मैल्याला किंमत होती. आपल्याकडे मैल्याला किंमत नव्हती आणि तो वाहणाऱ्या माणसालाही नव्हती. त्याला जातीने बांधून गावाबाहेर ठेवले होते.

म्हणूनच रत्नागिरीच्या तुरुंगात आप्पासाहेब पटवर्धनांनी 1932 साली भंगीकाम करू द्यावे यासाठी उपवास धरला आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनीही येरवड्यात उपवास केला. पुढे कणकवलीच्या गोपुरीत आप्पासाहेबांनी मैल्याचे खत करणाऱ्या संडासांचे प्रयोग केले. कोणी कसे बसावे, याची त्यांना चिंता नव्हती. कोणाच्या डोक्यावर पाटी येऊ नये, ही होती. हाताने मैला साफ करवून घेण्यास बंदी करणारे कायदे 1993 आणि 2013 साली झाले. तरीही गटारात उतरलेली माणसे आजही गुदमरून मरतात.

तेव्हा परदेशी पाहुण्याच्या फजितीवर अवश्य हसावे. त्या हसण्यात माणसे समान होतात. उकिडवा बसलेला कोणीही फारसा रुबाबदार दिसत नाही, मग तो राजदूत असो वा रोजंदार. मात्र त्याच्यामागून कोण साफ करतो, हा प्रश्न त्या हसण्याखाली झाकला जाऊ नये, एवढेच.