दातात काय भरावे, कॅप कशाची घालावी
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मी सातवी पास. दातांच्या औषधपाण्यावर भाषण करायला मी उभी राहिले म्हणून काहीजणी पदराआड हसत आहेत, ते मला इथून दिसते आहे. हसा बापड्या. पण दातांचा संबंध शिक्षणाशी नसून भाकरीशी आहे, आणि भाकरीतले मला थोडेफार कळते. शिवाय आमच्या गल्लीतल्या दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे मी दोन दुपारी बसून सगळे विचारून घेतले. त्यांनीही न कंटाळता एकेक वस्तू हातात देऊन दाखवली.

आपण साडी घेताना पदर चुरगळून पाहतो, माठ घेताना वाजवून पाहतो, चार आण्यांची कोथिंबीर असे तेव्हाही जुडी सोडून आत पाहत असू. आणि दाताच्या खुर्चीवर बसलो की? "साधे भरू की चांगले भरू?" असे विचारले की मान डोलावतो. खरे म्हणजे तोंड एवढे उघडे असूनही तिथे बोलता कुठे येते! म्हणून जे विचारायचे ते मागे रेलण्याच्या आधी विचारावे. आणि साधे व चांगले असे दोनच प्रकार नसतात, हे मला त्या दोन दुपारींत कळले. एका दाताला जे उत्तम ते दुसऱ्याला निरुपयोगी.

प्रथम चांदीचे सांगते, कारण आपल्या पिढीच्या बहुतेकींच्या दाढांत ती आहे. नाव चांदी, पण तिच्यात सुमारे निम्मा पारा असतो. उरलेल्या निम्म्यात चांदी, कथील आणि तांबे यांची पूड. दोन्ही घोटले की मऊ गोळा होतो, तो दाढेत दाबून बसवतात आणि एका दिवसात तो दगडासारखा होतो. टिकायला पक्की, किमतीला हलकी, थोडी लाळ लागली तरी बिघडत नाही. दोष असा की काळी दिसते आणि दाताला आपण होऊन चिकटत नाही. ती अडकून राहावी म्हणून चांगला दातही थोडा कोरावा लागतो.

दुसरी गोष्ट पाऱ्याची. जपानात मिनामाता नावाचे गाव आहे. तिथल्या कारखान्याचा पारा समुद्रात गेला, माशांत गेला आणि मासे खाणाऱ्यांच्या मज्जातंतूंना भयंकर रोग जडला. तो १९५६ साली उघडकीस आला. त्या गावाच्या नावाने २०१३ साली पाऱ्याविषयी देशादेशांचा करार झाला आणि भारताने तो २०१८ साली मान्य केला. त्यात २०२२ साली असे ठरले की दुधाच्या दातांत, पंधरा वर्षांखालील मुलांच्या आणि गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायकांच्या दातांत, डॉक्टरांना अगदी आवश्यक वाटल्याखेरीज, ही चांदी भरू नये. पुढे २०२५ च्या नोव्हेंबरात, २०३४ पर्यंत तिचा वापर सगळीकडेच बंद करायचे ठरले.

हे ऐकून कोणी उद्या सकाळी जाऊन जुनी चांदी उकरून घेऊ नये! शाबूत बसलेली चांदी काढताना पाऱ्याची वाफ उलट जास्त निघते आणि चांगला दातही झिजतो. ती फुटली, कडेने कीड लागली, तरच काढावी.

मग पांढरे. पांढऱ्यांतही दोन जाती आहेत आणि गोंधळ तिथेच होतो. एक सिमेंट, त्याला ग्लास आयोनोमर म्हणतात. १९७० च्या सुमारास इंग्लंडात विल्सन आणि केंट या दोघांनी ते शोधून काढले. ते दाताला स्वतः चिकटते आणि त्यातून थोडे थोडे फ्लोराइड सुटत राहते. मुलांच्या दुधाच्या दातांना, हिरडीलगत झिजलेल्या जागांना हे फार सोयीचे. पण मोठ्या माणसाच्या चावायच्या दाढेत मोठा खड्डा असेल तर ज्वारीच्या भाकरीपुढे आणि सुपारीपुढे ते फार दिवस टिकत नाही.

दुसरे कंपोझिट. राळेसारखा चिकट पदार्थ आणि काचेची अतिबारीक पूड यांचे ते मिश्रण. थरावर थर देऊन निळ्या उजेडाने घट्ट करतात. दाताच्या रंगाशी असे मिळते की भरलेले ओळखू येत नाही. मात्र ते मोठे मानी आहे. जागा अगदी कोरडी हवी. लाळ किंवा रक्त लागले की नीट चिकटत नाही आणि काही महिन्यांत खालून कीड शिरते. म्हणून डॉक्टर कापसाच्या वळ्या ठेवून, रबराचा पडदा लावून वेळ घेत असतील तर "किती वेळ लावतात" अशी कुरकुर करू नये. तो वेळच आपल्या पैशांचा मोबदला आहे. चहाने, हळदीने आणि मिसरीने हे पिवळे काळे पडते. मिसरी लावणाऱ्या बाईने समोरच्या दातात कंपोझिट भरून घ्यायचे म्हणजे पांढऱ्या लुगड्याने चूल सारवण्यासारखे आहे. आणि मिसरी तर तशीही सोडावी, तंबाखूच ती.

एक गंमत सांगते. दाढ दुखली की आपण लवंगेचे तेल लावतो. डॉक्टर तात्पुरते जे सिमेंट भरतात, त्यांतल्या एका प्रकारात तेच लवंगेच्या तेलातले सत्त्व आणि जस्ताची भुकटी असते, म्हणून दवाखान्यात तो वास येतो. पण हेच सत्त्व कंपोझिटला नीट घट्ट होऊ देत नाही. तेव्हा घरी लवंगेचे तेल घातले असेल तर ते लपवू नये, आधी सांगावे.

आता कॅप. दाढेचे रूट कॅनाल केले की ती पोकळ आणि ठिसूळ होते, मोठा दाब पडला तर उभी चिरते, म्हणून वर कॅप लागते. मागच्या वर्षी ही वेळ माझ्यावर आली. आमच्या ह्यांचे म्हणणे, "मागची दाढ, काढून टाकली तर कोणाला दिसणार आहे?" ह्यांच्या समोरच्या दाताला कॅप घातली तेव्हा असा प्रश्न कोणी केला नव्हता! शेजारच्या काकूंनी अशीच खालची दाढ काढून टाकली होती. हळूहळू बाजूची दाढ त्या खिंडीत कलली, वरची खाली उतरली, एका बाजूने चावणे बंद झाले. आता त्या आमटीत भाकरी कुस्करून खातात, आणि त्यांचे वय काही फार नाही. मी म्हटले, दिसण्यासाठी नव्हे, चावण्यासाठी हवी.

कॅपही तीन तऱ्हेच्या. नुसत्या धातूची, ती स्वस्त आणि मजबूत, मागे घातली तर दिसतही नाही. धातूवर चिनी मातीची, ती सुरेख दिसते, पण कधी कधी वरचा कपचा उडतो आणि हिरडी वर सरकली की काळी रेघ दिसते. तिसरी झिरकोनियाची, पांढरी आणि भक्कम, किमतीने वरची. तिची घासून चकाकी नीट केलेली नसेल तर समोरचा दात झिजतो, म्हणून डॉक्टरांनी चावा जुळवायला ती थोडी घासली तर पुन्हा चकचकीत करून मागावी.

मला धातूचीच घ्यायची होती. पण डॉक्टरीणबाईंनी विचारले, "खोटी कर्णफुले घातली की कान चिघळतात का?" चिघळतात, लग्नात घातली तेव्हापासून. त्या म्हणाल्या, तो निकेलचा दोष, आणि स्वस्त कॅपच्या धातूत बहुधा निकेल असते. निकेल नसलेला धातूही असतो, पण त्यांच्या कारागिराकडे तो नव्हता. तेव्हा माझ्या कानांनी माझ्या दाढेचा निकाल लावला. भिशीचे पैसे मिक्सरसाठी ठेवले होते ते झिरकोनियाला गेले. पाट्यावर चटणी अजून वाटते आहे आणि त्याच दाढेने खाते आहे.

जिच्यापाशी भिशीही नाही तिने लगेच दाढ काढू नये. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे सरकारी दंत महाविद्यालये आहेत. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. खेपा जास्त पडतात, वेळ मोडतो, पण खर्च पुष्कळ कमी.

कवळीविषयी थोडेच. ती बहुधा अॅक्रिलिकची असते. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवावी. कढत पाण्यात टाकू नये, वाकडी होते. धुताना खाली पाण्याने भरलेले घमेले ठेवावे, निसटली तरी फुटत नाही.

आणि काम झाल्यावर कोणत्या दातात काय भरले, कॅप कशाची, हे कागदावर लिहून मागावे. गाव बदलते, डॉक्टर बदलतात. माझा कागद रेशनकार्डाच्या पिशवीत आहे.

डॉक्टरीणबाईंनी नमुन्याच्या तिन्ही कॅप आणि एक जुनी कवळी दिली आहे, ती त्या टेबलावर मांडली आहे. चहा येईपर्यंत हातात घेऊन पाहा. लहान मुलांना मात्र लांब ठेवा, कॅप वाटाण्याएवढी आहे आणि मला मोजून परत करायची आहे.